हनुवटी खाली

इथं हिंदी मुलखात, घमापुरात माझा स्टुडिओ आहे, तीस वर्षं झाली. पासपोर्ट, लग्नं, बारशी, सगळं काढलं. 'गुलाबराव फोटोवाले' म्हटलं की रिक्षावाला सरळ दारात आणून सोडतो. पण खेळाचा फोटो? ना बा. जो माणूस जागेवर उभाच राहत नाही त्याचा फोटो काढायचा कसा, हे मला माहीत नव्हतं. खोटं काहून बोलू, आजही नाही.

माझं काम सोपं. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं आणि म्हणायचं, "हनुवटी खाली, इकडे बघा, हं." बायको, नर्मदा, म्हणते की मी झोपेतही हेच बडबडतो. आमची अंजनी तान्ही होती तेव्हा नावानं हाक मारली तर ढिम्म, पण "इकडे बघ" म्हटलं की लगेच मान वळवायची.

तीच अंजनी आता कॉलेजात आहे, बास्केटबॉल खेळते. सिविल लाइंसच्या हॉलमध्ये फायनल होती आणि राज्याच्या संघासाठी पोरी निवडायला भोपाळहून दोन साहेब आले होते. आमच्या शहराला मिळायची ती राजधानी तर त्यांनी नेलीच, आता पोरीही तेच निवडणार. असो. आदल्या दिवशी अंजनी म्हणाली, "बाबा, घरात माझे इतके फोटो, सगळ्यांत मी तुमच्याकडेच पाहून राहिली. एक तरी असा काढा ना, ज्यात मी बास्केटकडे पाहून राहिली."

"काढतो की! त्यात काय मोठं?" मी म्हटलं. बोललो आणि फसलो.

फायनलच्या दिवशी हॉलच्या दारातच अंजनीच्या संघाचे कोच, श्यामसुंदर सर, भेटले. "गुलाबराव जी, फ्लैश बिल्कुल नहीं. लड़कियों की आँख में चमकता है."

घ्या! बंद हॉलमध्ये फ्लॅशविना फोटो म्हणजे चुलीविना भाकर. छताला आठ पिवळे दिवे, त्यातले दोन गेलेले. शटर हळू ठेवलं तर पळणाऱ्या पोरींचा फोटोत धूर होणार, वेगात ठेवलं तर फिल्मवर नुसता अंधार. मी बास्केटच्या खाली, लाइनीबाहेर फतकल मारून बसलो. चेंडू दाणकन अंगावर यायचा आणि मी कॅमेरा पोटाशी धरून वाकायचो, की तेवढ्यात अंजनी उडी मारून खालीही आलेली असायची. बटण दाबलं की कोणाची वेणी, कोणाचं कोपर. मध्यंतरापर्यंत छत्तीसपैकी सव्वीस फोटो संपले, आणि त्यात माझी पोर एकदाही धड सापडली नव्हती. तळहाताला असा घाम की लेन्सची कडी फिरेना. ते साहेब वहीत काहीतरी लिहीत होते, आणि दर वेळी त्यांचं पेन हललं की माझा जीव खालीवर व्हायचा.

शेवटचे दोन सेकंद राहिले. बेचाळीस-चाळीस, आम्ही मागं. अंजनीला धक्का लागला, शिट्टी वाजली, तिला दोन फ्री थ्रो मिळाले. म्हणजे काय, तर ती एकटी रेषेवर उभी राहणार आणि कोणी हलणार नाही. अरे, हाच तर माझा क्षण! पुऱ्या खेळात पोर पहिल्यांदा जागेवर थांबली होती.

पहिला चेंडू आत गेला. मी तो पाहतच राहिलो, बटण दाबायचंच राहिलं. बरोबरीला एकच पॉइंट बाकी. मी कोपरं गुडघ्यांवर टेकवली, श्वास रोखला. अंजनीनं चेंडू तीनदा आपटला, वर उचलला, बास्केटकडे पाहिलं. फोकस झक्कास. फक्त मान वर होती, त्यामुळे खालून नुसती हनुवटीच दिसत होती.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हनुवटी खाली, इकडे बघ, हं!"

तिनं बघितलं.

बटण दाबलं गेलं. चेंडू हातातून सुटला, बास्केटच्या कडीला लागून बाहेर पडला. शिट्टी. आम्ही एका पॉइंटनं हरलो. पुऱ्या हॉलमध्ये मराठी समजणारी एकटी माझी पोर होती, त्यामुळे मी काय केलं ते कोणालाच कळलं नाही.

"उधर क्या देख रही थी?" सर ओरडले.

"लाइट आँख में आ गई, सर," ती म्हणाली.

मी धावत गेलो. "सर, गलती मेरी है, मैंने ही..." पण सर म्हणाले, "भैया, आप फोटो खींचिए." अंजनीनं माझ्याकडे पाहून मान हलवली, नका म्हणून. थोड्या वेळानं भोपाळच्या साहेबांनी निवडलेल्या पोरींची यादी वाचली. तिचं नाव नव्हतं. त्यातले एक साहेब सरांना सांगत होते, "खेल अच्छा है, पर ऐन मौके पर नज़र हट जाती है." असं वाटलं, त्यांची वही ओढून घ्यावी आणि माझं नाव लिहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डार्करूममध्ये रोल धुतला. सगळा धूर, एकच फोटो लख्ख. त्याचा कागद ट्रेमध्ये सोडला आणि चेहरा वर येऊ लागला तेवढ्यात अंजनीनं दार वाजवलं. लपवायला जागा नव्हती, उजेड येऊ नये म्हणून पडदा धरून तिला आत घेतलं.

तिनं वाकून पाहिलं. चेंडू बोटांवरून सुटलेला, आणि डोळे सरळ माझ्यावर.

"बाबा, पहा ना," ती म्हणाली, "मी हनुवटीही खाली केली." आधी हसली, मग रडायला लागली. "माफ कर ग बाई," म्हणता म्हणता मीही रडलो.

नाक पुसून म्हणाली, "पुढल्या वर्षी निवड पुन्हा आहे. तुम्ही या. पण कॅमेरा घरी ठेवून या."

"मग मी तिथं करू काय?"

"बसा चूप. आणि माझ्याकडे बघा."

मी हो म्हटलं. पण कॅमेऱ्याविना दोन तास हे हात ठेवायचे कुठं, याचाच आतापासून घोर लागला आहे.