पाठमोरे राघू

सकाळचं कोवळं ऊन सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या खोलीत आधी मशीनवर उतरायचं आणि मग आक्काच्या हातांवर. टेबलाच्या कडेला घट्ट आवळलेली लांब लोखंडी पट्टी, तिच्यात फणीच्या दातांसारख्या ओळीनं बसलेल्या बारीक सुया, आणि त्यांच्यावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकणारी मूठ. खर्र आणि खट. खर्र आणि खट. आठवणीत आक्का येते ती या नादातून. चेहरा मागाहून येतो, आणि चष्म्याची तुटलेली दांडी लोकरीनं बांधलेली असते.

आक्का म्हणजे माझी आत्या. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, पलटणीत सुभेदार होते. त्यांच्याबरोबर पहाडी मुलुखातल्या क्वार्टरमध्ये राहत असताना शेजारच्या पंजाबी बाईकडून ती स्वेटर विणायचं मशीन शिकली, आणि मामा पेन्शनीत आल्यावर बाकीचा संसार तिथंच वाटून टाकून मशीन तेवढं गोधडीत गुंडाळून सांगलीला घेऊन आली. सांगलीत स्वेटरचं मशीन, म्हणून लोक हसले. इथली थंडी ती काय, चार दिवसांची पाहुणी. आक्का म्हणायची, "थंडी न्हाई तर न्हाई, मशीन तर हाय." मग पाचगणीच्या शाळांत शिकणाऱ्या पोरांचे स्वेटर तिच्याकडे येऊ लागले आणि हसणारे गप्प झाले. पुढे मामा गेले. त्यांचे दिवसपाणी उरकले त्याच दुपारी खर्र-खट पुन्हा सुरू झालं, आणि सांत्वनाला आलेल्या बायका दारातच थबकल्या. आक्कानं त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि हातातली ओळ पुरी केली.

या मशीनची गंमत अशी, की विणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कापडाची उलटी बाजू असते. गाठी, सुटे धागे, रंगांची गिचमिड हे सगळं आपल्याकडे. आणि सुलटी, देखणी बाजू भिंतीकडे तोंड करून मुकाट वाढत असते. मला आक्काचं अवघं आयुष्य तसंच वाटायचं, नक्षी दुसऱ्यांच्या अंगावर आणि गाठी हिच्या वाट्याला. अर्थात हे मी तिला बोलून दाखवलं असतं, तर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

माझी लेक मुक्ता इस्लामपूरला दिली आहे. पहिल्या खेपेला तिच्या पोटात मूल टिकलं नाही. दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा दोन्ही घरांतली माणसं जपून बोलत, जपून श्वास घेत होती. मुक्ता बाळंतपणासाठी माझ्याकडे साताऱ्याला होती, आणि बारशाच्या दिवशी बाळाच्या अंगावर आक्काचाच स्वेटर असणार, हे न बोलता ठरलेलं होतं. मी आक्काला न्यायला सांगलीला गेले होते, त्याच दिवशी मुक्ताच्या सासूबाईंचा फोन आला, तोही थेट आक्काला. शेजारी मलाही ऐकू येणारं ते बोलणं लोण्यासारखं मऊ होतं.

"आक्का, राग मानू नका. बारशाला लेकराच्या अंगावरचं पयलं कापड भरल्या हाताच्या बाईनं केल्यालं असावं, असं आमच्यात हाय. तुमी मागनं कवा बी इणा."

भरल्या हाताची म्हणजे जिचा नवरा आहे, जिच्या पदरी मूल आहे ती. आक्काजवळ दोन्ही नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाई दुष्ट नव्हत्या. एकदा हाती येता येता गेलेलं नातवंड त्यांच्या मनातून गेलं नव्हतं, आणि भ्यालेलं माणूस रीत घट्ट धरून बसतं. पण भीती त्यांची, आणि ती भागवायची आक्कानं, हे मला आजही पटत नाही.

आक्का "बरं" एवढंच म्हणाली, फोन खाली ठेवला, आणि कपाटातून डाळिंबी लोकर काढून मशीनला लावली.

"अगं, त्या नको म्हणाल्या ना?" मी विचारलं.

"त्या म्हनल्या. मी कुटं म्हनलं?"

चौकटीच्या कागदावर तिनं आधीच दोन राघू काढून ठेवले होते. बटणपट्टीच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला एक, चोचीसमोर चोच, डाळिंबी रंगावर हिरवेगार. कापड उलट्या बाजूनं वाढत असल्यामुळे कागदावरचं पाखरू सुयांवर घेताना तोंड फिरवून घ्यावं लागतं. आक्काच्या बोटांना हे जन्माचं पाठ होतं. पण राग तोंडावाटे निघाला असता तर बरं झालं असतं. तो तिच्या मनगटात उतरला होता. मूठ नेहमीपेक्षा जोरात जात होती, खट आधी आणि खर्र मागाहून ऐकू येत होतं. हिरव्या धाग्यासाठी एकेक सुई बोटानं पुढे सारताना तिची नजर कागदावर होती, आणि मन इस्लामपूरला.

स्वेटरच्या समोरचे दोन्ही भाग मशीनवरून उतरवून तिनं पलंगावर सुलटे मांडले, तेव्हा राघूंनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली होती. एकाची चोच या बाहीकडे, दुसऱ्याची त्या बाहीकडे.

एक टाका चुकला तरी वीतभर विणलेलं उसवणारी ही बाई. तिनं कितीतरी वेळ त्या पाखरांकडे पाहिलं. "उसवूया, लोकर वाया जात नाही," मी म्हणाले. आक्कानं दोन्ही भाग स्वतःकडे ओढून घेतले.

"न्हाई उसवायचं. जल्मभर लय उसवलं."

बाळाची बोटं आतल्या सुट्या धाग्यांत अडकू नयेत म्हणून तिनं स्वेटरला मऊ अस्तर लावलं. तेही स्वतःच्याच धुऊन धुऊन रेशमासारख्या झालेल्या लुगड्याचं.

बारशाच्या दिवशी मार्गशीर्षातला वारा साताऱ्याच्या किल्ल्यावरून घरात शिरत होता. मुक्ताला मुलगी झाली होती. पाळणा सजला होता, इस्लामपूरकरांनी आणलेलं दुकानातलं जरीचं अंगडं बाळाच्या अंगावर होतं, आणि अशा वेळी आक्कासारख्या बाईनं आतल्या खोलीत बसावं अशी सगळ्यांची मुकी अपेक्षा होती. आक्का बाहेर आली. बायकांच्या मधून सरळ चालत पाळण्याशी गेली आणि स्वेटर मुक्ताच्या मांडीवर ठेवला.

सासूबाईंची नजर आधी आक्काच्या कपाळाकडे गेली, मग स्वेटरकडे. पाळण्याची दोरी त्यांनी घट्ट धरली.

"आवं आक्का, ह्या राघूंनी तर पाठी फिरवल्यात एकमेकांस्नी. असलं लेकराच्या अंगावर घालायचं?"

"फिरवल्यात," आक्का म्हणाली. "पहाऱ्यावरचं दोघं जवान असंच हुबं ऱ्हात्यात, पाठीला पाठ लावून. आमचं सुभेदार सांगायचं, तोंडाकडं तोंड करून बसलं की मागनं काय येतंय ते दिसत न्हाई. तुमच्या नातीची राखन कराय बसवल्यात त्यास्नी. गप्पा माराय न्हाई."

ती चूक होती, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मी पाळण्याच्या फुलांचा वास घेत उभी होते. मुक्तानं मात्र कुणाकडेच पाहिलं नाही. तिनं जरीचं अंगडं काढलं, बाळाचे इवले हात एकेक करून डाळिंबी बाह्यांत घातले, खालून वरपर्यंत बटणं लावली आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, वारं लय गार हाय. मला हिच्या अंगावर हेच पायजे." काढलेलं अंगडं सासूबाईंनी उचलून त्याची घडी घातली. पाळण्याच्या गाण्यात त्यांचा आवाज जरा उशिरा मिसळला, पण मिसळला.

गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली. शेवटपर्यंत ती त्या राघूंना चूक म्हणाली नाही, आणि मीही तिला कधी विचारलं नाही. मुक्ताची लेक आता अंगणभर पळते, स्वेटर तिला केव्हाच तोकडा झाला आहे. परवा इस्लामपूरहून फोन आला. सासूबाईंच्या धाकट्या सुनेला दिवस गेलेत, आणि "तो आक्काचा राखणीचा स्वेटर बारशाला मिळंल का," असं त्या विचारत होत्या. मी देते म्हणाले. वर मुद्दाम ठसक्यात सांगितलं, की राघूंची तोंडं काही आता वळायची नाहीत.

मशीन माझ्याकडे आहे. मला विणता येत नाही. ऊन त्याच्यावर आलं की मी नुसतीच मूठ इकडून तिकडे सरकवते आणि रिकाम्या सुयांवरचा तो नाद ऐकते. गेलेली माणसं आपल्याकडे पाठ करून जातात, असं मला फार दिवस वाटत होतं. आता वाटतं, ती जातच नाहीत. आपल्याला दिसत नाही त्या बाजूला तोंड करून, आपल्या पाठीला पाठ लावून उभी राहतात.