पिवळ्या दिव्याचा अर्थ

१९५६च्या ऑगस्टात श्यामकांत कीर्तिकर एका खाजगी कंपनीचं दोन इंजिनांचं छोटं विमान नाशिकहून जुहूला आणत होता. शेजारच्या सीटवर बळवंत होता, वेसाव्याच्या कोळीवाड्यातला, जुहूच्या हँगरमधला मेकॅनिक. विमानात महिन्यापूर्वीच ऑटोपायलट बसवला होता आणि श्यामकांत त्याच्यावर बेहद्द खूश होता.

"बघ, माझ्यापेक्षा सरळ नेतो," तो हात मांडीवर ठेवून म्हणाला.

ठाण्याच्या आसपास ते ढगात शिरले. श्यामकांतने वेग उतरवला, तसा समोरचा पिवळा दिवा लागला.

"साहेब, दिवा."

"मघाशीही दोनदा लागला. उंची बघ ना, जरा तरी हलली का?"

"उंची नाय हलली. पण ऑटोपायलट जोर किती लावतोय, ते कुठं दिसतं? त्याची ताकद संपत आली की हा दिवा लागतो."

विमानाचा तोल जुळवणारं लहान चाक दोघांच्या मध्ये होतं. बळवंतने ते फिरवून पाहिलं. जाम.

श्यामकांतला आता कळलं. वेग कमी झाल्यावर विमानाचं नाक खाली ओढत होतं आणि ऑटोपायलट एकटाच ते पेलून धरत होता. बंद केला तर नाक कोसळणार. चालू ठेवला तर तो कधीतरी आपणहून सोडणार, आणि तेही न सांगता. खाली कुठेतरी मुलुंडचे डोंगर होते. काचेपलीकडे काहीच दिसत नव्हतं. श्यामकांतला पट्टा सोडून उठावंसं वाटलं; पण उठून जायचं कुठे?

"वेग वाढवा, भार कमी होईल," बळवंत म्हणाला. "मग दोघांनी आधी धरू, मागून बंद करू."

दोघांनी आपापलं स्टिअरिंग छातीकडे ओढून धरलं. श्यामकांतने बटण दाबलं. एक जोराचा हिसका बसला, नाक झुकलं, दोघांनी ते वर आणलं. पण उतरायचं तर वेग पुन्हा कमी करावा लागणार होता, आणि जितका वेग कमी, तितकं ते जड.

पवईच्या तलावावर ढग फाटला. तिथून जुहूपर्यंत दोघांनी नाक तसंच पेलून आणलं. उतरताना बळवंत सगळं अंग मागे टाकून ओढत होता आणि श्यामकांत दात आवळून "सोडू नको रे, सोडू नको," एवढंच म्हणत होता. चाकं धावपट्टीवर आपटली, विमान उसळलं, पुन्हा टेकलं आणि थांबलं.

हँगरमध्ये श्यामकांत नोंदवही घेऊन बसला. 'तोलाचं चाक जाम' इतकंच लिहिलं असतं तरी चाललं असतं; मग सगळं बळवंतवर आलं असतं. बळवंत ते जाणून होता. तो पुसायच्या फडक्याशी चाळा करत उभा होता.

श्यामकांतने चाकाचं लिहिलं आणि खाली लिहिलं : 'दिवा तीनदा लागला. मेकॅनिकने समजावून सांगेपर्यंत मी मनावर घेतलं नाही.'

कंपनीने त्याला तीन महिने विमानाला हात लावू दिला नाही. बळवंतची नोकरी मात्र राहिली.