पेरिगो मास्तरांचं मत

पेरिगो मास्तरांनी फळीवरून जाड भूमिती खाली उतरवली, खिडकीपाशी नेली आणि दाराकडे एकदा पाहून घेऊन उघडली. पत्र होतं तिथंच होतं. एप्रिलमध्ये आलेलं, आणि आता नोव्हेंबर लागला होता. उत्तर गेलं नव्हतं.

ते आलं त्या दिवशी टपालमास्तर हायरम स्कॅग्जनं ते हातात देण्याआधी उलटसुलट करून उजेडात धरलं होतं.

"कॅनडाचं आहे. कॅनडात कोण हो तुमचं, मास्तर?"

"पुस्तकवाला," मास्तर म्हणाले होते.

"अक्षर काही दुकानदाराचं वाटत नाही."

"नवीन कारकून असेल."

स्कॅग्ज हसला होता. त्या हसण्याचा अर्थ मास्तर अजून लावत होते. कॉटर्स फेरी या नदीकाठच्या गावात त्या वर्षी कोणी कोणाकडे सरळ बघत नव्हतं. कोणाकडे कुठलं वर्तमानपत्र येतं, कोण चर्चमध्ये कुठल्या प्रार्थनेला डोळे मिटत नाही, कोणाच्या धान्याच्या कोठाराला रात्री कुलूप नसतं, या सगळ्याची कुणीतरी नोंद घेत असे. उत्तरेकडचा उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला तर दक्षिणेतली राज्यं फुटून निघणार, हे आता कुठल्याही ओट्यावर ऐकू येत होतं. नदीच्या या काठावर गुलाम होते, त्या काठावर नव्हते. मधे पाणी तेवढं.

पत्र एलामचं होतं. एलाम म्हणजे केझायाचा मुलगा. सहा वर्षांपूर्वी तो कर्नल ट्रॅबूच्या शेतावरून पळून गेला होता. त्यानं लिहिलं होतं, 'माझी आई जिवंत आहे का? असेल तर तिला माझ्याकडे येऊ द्याल का? मी दुसरं काही मागत नाही. हो किंवा नाही, एवढं कळवा.'

केझाया मास्तरांच्या बायकोबरोबर माहेराहून आलेली गुलाम बाई. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि कायद्यानं केझाया आता मास्तरांची होती. कर्नल ट्रॅबू म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ. गेल्याच रविवारी तो जेवता जेवता म्हणाला होता, "निवडणूक झाली की केझायाला माझ्याकडे पाठव, जोथम. तुला एकट्याला कशाला हवी बाई?" मास्तरांनी होकारार्थी मान हलवली होती. कर्नलची माणसं एकेक करून दक्षिणेला, कापसाच्या मुलखात विकायला जात होती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मान हललीच.

मास्तर पत्र मिटत होते तेवढ्यात मागून आवाज आला.

"एलामचंच ना ते?"

केझाया दारात उभी होती. हातात सफरचंदांची परडी, सुरी.

मास्तरांनी पुस्तक बंद केलं. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कोणी? रोज धूळ झटकते मी. सगळ्या पुस्तकांवर बसते, त्या एकावर बसत नाही."

"मी सांगणारच होतो."

"एप्रिलपासून?"

एप्रिल तिला कसं कळलं? स्कॅग्जच्या बायकोनं सांगितलं, की कर्नलच्या स्वयंपाकघरातून आलं? तिथं केझाया दर शनिवारी जायची. तिथं ती काय काय बोलते? मास्तरांना स्वतःची लाज वाटली, पण शंका गेली नाही.

केझाया बसली आणि सफरचंद सोलायला लागली. "काय लिहिलंय त्यानं?"

त्यांनी वाचून दाखवलं. तिचा हात थांबला नाही. साल एकसंध, लांबच लांब उतरत गेली.

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं.

"बरं," ती म्हणाली. "धडधाकट आहे म्हणजे."

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "केझाया, मी ठरवलंय. उद्या मतदान आहे. उद्या मी सगळ्यांसमोर मोठ्यानं उत्तरेकडच्या माणसाचं नाव घेणार आहे."

केंटकीत मत तोंडानंच द्यायचं असे. कचेरीच्या ओट्यावर टेबल, टेबलामागे शेरीफ आणि कारकून, भोवती सगळा गाव. शेरीफनं नाव पुकारायचं, माणसानं खणखणीत आवाजात कोणाला ते सांगायचं. मास्तरांना चारचौघांत बोलणं कधी जमलं नाही. शाळेतही ते फळ्याकडे तोंड करून शिकवत. म्हणून पूर्वीच्या शेरीफनं दया येऊन एक सोय काढली होती. तो विचारायचा, "मास्तर, कर्नलसाहेबांचंच ना?" म्हणजे कर्नलनं ज्याला मत दिलं त्यालाच, आणि मास्तर मान हलवायचे. शेरीफ बदलले, सोय राहिली. आयुष्यात त्यांनी एकदाही मत उच्चारलं नव्हतं.

केझायाची सुरी आता थांबली. "मोठ्यानं?"

"हो. मग काय व्हायचं ते होवो."

"कोणाचं?"

मास्तरांनी पत्राची घडी घातली.

"तुमचं काय होईल ते सांगते. डांबर फासतील आणि नावेत बसवून पलीकडे सोडतील. पलीकडे तुमची पुतणी आहे, ती गरम पाण्यानं पुसून काढील. मग तुम्ही शूर. आणि हे घर? घरातलं सामान? ते कर्नलसाहेब नेतील. त्या सामानात मी."

"मला तसं..."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून ओरडणार तुम्ही. मला काय त्याचं?" ती बोलत होती हळूच, दाराकडे कान ठेवून. "मालक, तुम्ही स्वतः मला पलीकडे नेलंत तर मी मोकळी. पळून गेले तर त्यांना धरून आणता येतं. मालकानं आणलेल्या माणसाला धरता येत नाही, तिकडचा कायदा आहे तसा. खरं ना?"

खरं होतं. मास्तरांना ते माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे माहीत नव्हतं. इथल्या कोर्टात सुटकेचा कागद करायचा तर न्यायासनावर कर्नलच बसलेला.

"घाटावर पहारा आहे," ते म्हणाले.

"पहारा संशयितांना. आजवर मान हलवलीत ना? उद्या एकदा माझ्यासाठी हलवा."

* * *

सकाळी कचेरीसमोर व्हिस्कीचं पिंप फोडलं होतं. ओट्याखाली माणसं दाटीनं उभी होती आणि प्रत्येक नावाला माना एकदम वळत होत्या. चाकं करणाऱ्या ग्रिबलनं मधल्या पक्षाच्या, तडजोडवाल्या उमेदवाराचं नाव घेतलं तर कुणीतरी म्हणालं, "ग्रिबल, तुझ्या बायकोची माणसं पलीकडची, ओहायोची ना रे? तरीच." लोक हसले. ग्रिबल हसला नाही. पायऱ्या उतरताना त्यानं वाट करून मागितली, ती जरा सावकाशच मिळाली.

"जोथम पेरिगो."

मास्तर चढले. टेबलापाशी कर्नल ट्रॅबू खुर्ची टाकून बसला होता, काठीच्या मुठीवर हात. शेरीफनं पाहिलंसुद्धा नाही.

"मास्तर, कर्नलसाहेबांचंच ना?"

ते दुसरं नाव जिभेवर आलं. रात्रभर घोकलेलं, आता अगदी दातांशी. मास्तरांना वाटलं, आपण ते बोललोच की काय. कारकुनाची लेखणी थांबून राहिली होती.

त्यांनी मान हलवली.

लेखणी चालली. कर्नलनं उठून त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "असा असतो घरचा माणूस. उद्या गाडी पाठवतो, जोथम. केझायाचं गाठोडं बांधून ठेव."

"उद्या चालेल," मास्तर म्हणाले. "आज मी पलीकडे जातोय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तिला हाताशी नेतो."

कर्नलचा हात खांद्यावरच राहिला. "पलीकडे? तिला घेऊन?"

"मला पायरी दिसत नाही, लँडन."

"दुसरं कोणी नाही?"

"आज सगळे इथंच आहेत."

कर्नल त्यांच्या डोळ्यांत बघत राहिला. डोळ्यांत मोतीबिंदूची पांढरी सायही होती, पण तो ती बघत नव्हता. आजूबाजूचं बोलणं थांबलं. एलामच्या वेळी याच माणसानं कुत्री सोडली होती, हे मास्तरांना आठवलं.

तेवढ्यात शेरीफ हसला. "कर्नलसाहेब, मास्तर बाई पळवणार म्हणता? वाऱ्यानं टोपी उडाली तर टोपीच्या मागं जायला लाजतात ते."

ओट्याखाली एकच हशा झाला. पिंपापाशी कुणीतरी मास्तरांची चाल करून दाखवली. कर्नलच्या मिशाही हलल्या.

"संध्याकाळच्या नावेनं परत," तो म्हणाला आणि घाटाच्या पहाऱ्यावरच्या माणसाला हात केला. "जाऊ दे यांना. आपले आहेत."

मास्तरांचे कान तापले होते. आपले आहेत.

* * *

नावेत केझाया त्यांचा दंड धरून बसली होती, आंधळ्याला धरावं तशी. मधल्या धारेपाशी नावाडी डॅबनीनं एकदा वळून पाहिलं. "गाठोडं मोठं आहे, बाई."

"मालकांचं पांघरूण. गारठा सोसत नाही त्यांना."

वल्ही मारताना डॅबनीची नजर गाठोड्यावरच होती.

पलीकडच्या फळ्यांवर पाय टेकताच तिनं दंड सोडला. मास्तरांना वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "कागद."

त्यांनी रात्री लिहून सही केलेला कागद कोटातून काढला. तिनं हात पुढे केला नाही.

"वाचून दाखवा. मोठ्यानं."

धक्क्यावर हमाल होते, गाडीवान होते. मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. आवाज पहिल्या ओळीलाच बसला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. 'केझाया नावाची स्त्री, वय सुमारे बावन्न, हिला मी माझ्या खुशीनं या राज्याच्या भूमीवर आणून मोकळं करतो. तिच्यावर माझा वा माझ्या नात्यातल्या कोणाचा हक्क नाही.' एक हमाल पोतं खाली ठेवून ऐकत राहिला.

तिनं कागद घेतला आणि सरळ चालू लागली. मास्तर मागून गेले. स्टेशनात तिकिटाच्या खिडकीशी तिनं तो कारकुनापुढे ठेवला.

"साहेब, यात काय लिहिलंय ते वाचता का जरा?"

मास्तर दोन पावलांवर उभे होते. परका माणूस त्यांचेच शब्द वाचत होता, आणि ती एकेका शब्दाला बारीक डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहत होती. वीस वर्षं या बाईनं त्यांचं जेवण वाढलं होतं. तिला पडताळा हवा होता, आणि तो का हवा हे मास्तरांना सांगावं लागलं नाही. ते फलाटाकडे बघत राहिले.

"तेच आहे," कारकुनानं वाचून संपवल्यावर ती म्हणाली. तेव्हा कुठं तिनं कागद घडी करून पोलक्यात ठेवला.

उत्तरेची गाडी लागली होती. तिला मोठ्या सरोवरापर्यंत जायचं होतं, तिथून आगबोटीनं कॅनडा. डब्याच्या पायरीवर चढून ती वळली.

"एलामला कळवा. मी वाटेत आहे म्हणून. उतरून घ्यायला येईल तो. इथूनच टाका पत्र, समोर टपाल आहे."

मास्तरांनी मान हलवली.

"मान नका हलवू. बोला."

"कळवतो."

ती आत गेली. मालक म्हणाली नाही, दुसरंही काही म्हणाली नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत मास्तर उभे राहिले, मग धूर विरेपर्यंत. समोरच्या टपालकचेरीवरून जाताना त्यांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. पाकीट तयार होतं, पत्ता घातलेला होता. ते तसेच पुढं धक्क्याकडे गेले; हे पाकीट त्यांना आपल्या गावातच टाकायचं होतं.

डॅबनी नाव सोडायला टेकला होता. त्यानं मास्तरांच्या मागं पाहिलं.

"बाई?"

"ती येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ती येत नाही, डॅबनी. सोड नाव."

* * *

स्कॅग्जच्या टपालघरात शेगडीभोवती कर्नलची तीन-चार माणसं तंगड्या पसरून बसली होती. मतं संपली होती, पिंप संपलं नव्हतं. दाराशी टपालाची कातडी थैली उघडीच होती. आगबोट यायची होती.

"या मास्तर," एकजण म्हणाला. "डोळे आणलेत का दुसरे?"

मास्तरांनी पाकीट गल्ल्यावर ठेवलं. स्कॅग्जनं ते उजेडात धरलं.

"परत कॅनडा. पुस्तकवाल्याला होय?"

"नाही."

"मग?"

शेगडीपाशी कुणीतरी खुर्ची वळवली. समोर फळा नव्हता, तोंड वळवायला जागाही नव्हती.

"अक्षर लागत नसेल तर मी वाचतो," ते म्हणाले आणि वाचू लागले. मुलांना शुद्धलेखन घालताना म्हणतात तसं, शब्द सुटा करून. "मिस्टर. एलाम. ट्रॅबू. कॅनडा वेस्ट. कर्नलसाहेबांकडे होता तो. त्यानं आईची चौकशी केली होती. मी कळवलंय, की ती निघाली."

शेगडीत लाकूड सरकलं. शेगडीपाशी जो हसत होता त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, मग गेलं. एक माणूस उठला आणि टोपी न घेता बाहेर पडला, कचेरीच्या दिशेनं.

"मास्तर," स्कॅग्ज हळू आवाजात म्हणाला, "हे परत घ्या. मी पाहिलं नाही असं समजतो."

"तिकीट लावलेलं आहे, हायरम. शिक्का मार."

स्कॅग्जनं शिक्का उचलला. बराच वेळ धरून ठेवला, मग मारला आणि पाकीट थैलीत टाकलं. मास्तर हलले नाहीत. नदीवर आगबोटीचा भोंगा झाला. स्कॅग्जनं थैलीचं तोंड आवळलं, साखळी ओवली. रस्त्यावर पावलं वाजू लागली होती, बरीच. तरी थैलीला कुलूप बसून हमालानं ती खांद्यावर घेईपर्यंत मास्तर तिच्यावरच नजर ठेवून उभे राहिले.