दहा दवाखाने

भाचीने चहाचा कप बाजूला सारला आणि लॅपटॉप मामांच्या नाकासमोर आणला. "एवढा एक आकडा खाली आणा, मामा. बाकी सगळं जुळतंय."

मामा निवृत्त संख्याशास्त्रज्ञ. भाची पायाच्या जखमांची डॉक्टर. जखम बांधण्याच्या नव्या पद्धतीने पाय वाचतात का, हे तिला तपासायचं होतं. एकदा हात बसला की नर्स सगळ्यांनाच तसं बांधणार, म्हणून चिठ्ठ्या पेशंटच्या नव्हे, अख्ख्या दवाखान्यांच्या टाकायच्या होत्या. निम्मे नव्या पद्धतीचे, निम्मे जुन्या. दहा दवाखाने तिने पाया पडून मिळवले होते. मामांचं गणित चोवीस मागत होतं.

"प्रत्येक ठिकाणी पेशंट दुप्पट घेते की."

"अगं, एका दवाखान्यातले सगळे त्याच नर्सच्या हाताखालचे. एकाच साक्षीदाराला पुन्हा पुन्हा बोलावून खटला मजबूत होतो का?"

"ते एकमेकांसारखे किती, हा आकडाच तुम्ही मोठा धरलाय. आधार काय, तर दोन चिमुकले अभ्यास. तुम्हाला खात्री आहे?"

मामांनी चष्मा पुसला. नवी चप्पल घ्यायला जाऊन जुनीच घालून परत येणारा माणूस तो.

"नाही," ते म्हणाले.

"आई म्हणतेच, दादाला विचारून पाणी प्यायलीस तर तहानेने मरशील."

मामा हसले, पण आकड्याकडे हात गेला नाही. "दहाच दवाखान्यांत, पाय वाचत असूनही, फरक दिसायचा नाही. मग सगळे म्हणतील, उपयोग नाही. पुन्हा कोणी तुझ्या पद्धतीकडे ढुंकून बघणार नाही."

"आणि सुरूच नाही केलं तर? कालच एकाला पाय कापायला पाठवलंय मी."

"दवाखाने कमी आहेत, आकड्याची खात्री नाही, हे सगळं अभ्यासाच्या आराखड्यात स्पष्ट लिहू," मामा पुटपुटले.

"मग अभ्यास तपासणारी समिती परवानगी देईल?"

"बहुतेक नाही."

तिने लॅपटॉप मिटला. आवाज चढवला नाही. "गणित दुसऱ्या कुणाकडून करून घेते. आराखड्यावरून तुमचं नाव काढून टाकू?"

"टाक."

ती जिना उतरून गेली. मामांनी कागद ओढला, एकसारखेपणाचा तो आकडा जरा खाली आणून गणित पुन्हा केलं. अठरा दवाखाने. आणखी खाली. तेरा. शेवटी दहा आले, पण तेव्हा आकडा जवळजवळ शून्यावर टेकला होता. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या, एकाच नर्सच्या हाताखालच्या त्या माणसांचं एकमेकांशी काहीच जुळत नाही.

खरंच तसं असू दे, असं त्यांना कितीतरी वेळ वाटत राहिलं.