नळवाल्या अप्पांची भाडेकरू

गल्लीत कुणाचाही नळ गळला की नळवाले अप्पा पाना घेऊन हजर. त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या शिक्षिकाबाईंचं त्यांना भारी कौतुक. सात वर्षांत बाईंची एक तक्रार म्हणून नाही! "भाडेकरू कसे टिकवायचे ते मला विचारा," असं ते चारचौघांत छाती फुगवून सांगत.

त्यामुळे बाईंनी खोली सोडते म्हटल्यावर अप्पा चाटच पडले. किल्ली घ्यायला वर गेले, तर स्वयंपाकघरात त्यांनी न बसवलेला वेगळाच नळ. सवयीने त्यांनी फिरवून पाहिला. एक थेंब गळत नव्हता.

"कुणी बसवला? हात चांगला आहे."

"मीच. पहिल्या वर्षी दोनदा सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, घरचंच काम आहे, बघू. तिसऱ्यांदा सांगण्यापेक्षा मी पाना विकत आणला."

"अहो, आठवण करून द्यायची! तुमचा नवा घरमालक काय माझ्यापेक्षा मोठा कारागीर लागून गेलाय?"

"छे हो अप्पा," बाई किल्ली त्यांच्या हातावर ठेवत म्हणाल्या. "खोली बघायला गेले तेव्हा तिथलाही नळ गळत होता. त्यांना पाना धरतासुद्धा येत नाही, म्हणून त्यांनी लगेच माणूस बोलावला."