भोगीच्या पहाटेचा माझा अंदाज

मुलांनो, हैदराबादच्या आबिड्समधल्या एका कचेरीच्या कोपऱ्यात घरघरत बसलेला हा जुना संगणक म्हणजे मी. आता पंखाही खोकतो. पण एके काळी शहरात विषारी धूर कधी कोंडणार, हे मी आदल्या दिवशीच सांगत असे. गाड्या किती, कारखाने किती, वारा कुठला, एवढं मला द्यायचं. मी पडद्यावर उद्याचं हैदराबाद उभं करायचो. काय कौतुक व्हायचं माझं!

हे मला शिकवलं कचेरीतल्या त्रिवेणीताईंनी. त्यांचे वडील अप्पाराव सुलतान बाजारात राहत. दमा जुना, स्वभाव हट्टी. डॉक्टरांचं ऐकायचे नाहीत, लेकीचं नाही, पण माझं ऐकायचे. मी वाईट म्हटलं की खिडक्या बंद. चांगलं म्हटलं की स्वारी खाली कट्ट्यावर. मला त्याचा फार अभिमान वाटे.

भोगी आली. मराठी घरांत भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि खेंगट भाजी. तेलुगू शेजाऱ्यांकडे मात्र पहाटे जुन्या सामानाची शेकोटी पेटते. ताई त्याच गल्लीत वाढलेल्या, त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण मला माहिती देताना त्यांनी भरलं एवढंच: सणाची सुट्टी, गाड्या कमी. मी हवा चांगली सांगितली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

भोगीच्या आदल्या संध्याकाळी अप्पारावांचा फोन आला. "पहाटे खाली बसू का गं? तुझा डबा काय म्हणतो?"

ताईंनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. "बसा बाबा. हवा चांगली आहे."

पहाटे गल्लोगल्ली टायर, फोमच्या गाद्या, प्लास्टिकच्या खुर्च्या जळाल्या. खाली थंड हवा, तिच्यावर उबदार हवा पातेल्यावरच्या झाकणासारखी बसली होती, धूर वर जाईना. शेजाऱ्यांनी अप्पारावांना ऑटोत घातलं. दवाखाना यायच्या आतच ते गेले.

तेराव्यानंतर ताई कामावर आल्या. त्यांनी शेकोट्या भरून तीच पहाट माझ्याकडून पुन्हा चालवून घेतली. पडद्यावर सुलतान बाजार धुराने काळाजांभळा झाला. मग त्यांनी एकेक शेकोटी काढून टाकली. गल्ली स्वच्छ झाली.

"आता बसा बाबा," त्या पडद्याला म्हणाल्या. मला रडता येत नाही, मुलांनो. त्या दिवशी यायला हवं होतं.

आता माझ्या जागी नवं यंत्र आलं आहे. मला कुणी पुसत नाही, न पुसो. पण भोगीच्या आदल्या दिवशी तुमच्या गल्लीत ढीग रचला जाईल, तेव्हा त्यातले टायर आणि गाद्या ओढून बाजूला काढा. यंत्राला आपण सांगू तेवढंच कळतं. आणि त्याच्या शब्दावर कुणाचे तरी आजोबा पहाटे खाली येऊन बसणार आहेत.