वाफशातले पन्नास हजार

रविवारी उन्हं कासराभर वर आली तेव्हा कुंडलिकच्या रानात पेरणीची तिफण चालू झाली. हस्ताचा पाऊस होऊन सहा दिवस झाले होते. आमची काळी जमीन मोठी मानी. पाऊस पडला की चिकटते, बैलाचा पाय सोडत नाही. आणि वाळली की दगड होते, फण आत घेत नाही. या दोन रुसव्यांच्या मध्ये ती चार दिवस माणसात असते. त्याला वाफसा म्हणतात. वर्षाची ज्वारी त्या चार दिवसांत पेरायची, नाहीतर पुढच्या हस्तापर्यंत रानाकडं बघत बसायचं.

औत दोघांचं होतं. कुंडलिककडं एक बैल, सिद्धाप्पाकडं एक. आठ वर्षं दोघं मिळून एक शेतकरी होत असत. आधी याचं रान, मग त्याचं. सिद्धाप्पा लिंगायत, सोमवारी त्याचा बैल जुवाखाली जात नसे. म्हणजे कुंडलिकचाही जात नसे, कारण एका बैलानं तिफण चालत नाही. आठ वर्षांत याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

तिकीटही दोघांचंच होतं. दोघं सोलापूरला गेले होते, तिथं रस्त्यावर एकजण कुठल्याशा लांबच्या सोडतीची तिकिटं विकत होता. आठ आणे याचे, आठ आणे त्याचे. बक्षीस पन्नास हजार, निकाल दसऱ्याला. तिकीट सिद्धाप्पाची बायको काशम्मा हिच्या पेटीत ठेवलं आणि पेटीची किल्ली कुंडलिकची बायको अंबुबाई हिनं कमरेला लावली. एवढा बंदोबस्त तालुक्याच्या खजिन्यालाही नसेल.

दुपारी निम्मं रान पेरून झालं, बैल सोडले आणि चौघं बांधावर भाकरीला बसली. बोलणं पैशावर आलं. ते रोजच येई. आतापर्यंत दोन माड्या बांधून झाल्या होत्या, देवळाला कळस चढला होता आणि पाटलाला चहाला बोलावून दोनदा दारात ताटकळत ठेवण्यात आलं होतं. त्या दिवशी कांदा फोडता फोडता कुंडलिक सहज म्हणाला,

"मी म्हंतो, पैलं काम बैलाचं. माझ्या बैलाला जोडी आणायची. चांगला खिलार."

सिद्धाप्पाचा घास हातातच राहिला. "मग माझा बैल?"

"तूबी घे की जोडी. तुजंबी पंचवीस हजार हायतच."

हिशेब चोख होता. शिवाय हाच बेत सिद्धाप्पानं महिन्यामागं काशम्माच्या कानावर घातला होता. पण काडीमोड आपण मनात धरणं वेगळं आणि समोरच्यानं तोंडावर मागणं वेगळं.

"आठ वरसं माझ्या बैलानं तुजं रान वडलं. आता त्यो तुला पुरंना व्हय?"

"तसं न्हाय रं. घरची जोडी आसली म्हंजे सोमवारीबी जुपता येतंय की."

बोलून गेल्यावर ते कुंडलिकलाही ऐकू आलं. अंबुबाईनं भाकरी खाली ठेवली. पूर्वेकडनं कोरडा वारा सुटला होता आणि सकाळी पेरलेल्या ओळी बघता बघता फिक्या पडत होत्या. सिद्धाप्पा हात न धुता उठला. बैलाचा कासरा हातात घेत म्हणाला, "तुजा सोमवार तुला लखलाभ." आणि गेला.

दुसरा दिवस सोमवारच होता, त्यामुळं भांडण झालंय हे गावाला मंगळवारी कळलं.

अंबुबाईनं नवऱ्याला परोपरीनं सांगितलं की जा, दोन शब्द बोल, बैल घेऊन ये. त्यावर पंचवीस हजारांच्या मालकानं एका बैलासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं, असा त्याचा सवाल होता. त्याच वेळी चार घरं पलीकडं सिद्धाप्पा हेच वाक्य कानडीत म्हणत होता.

वारा पडेना. अंबुबाई रोज सकाळी रानात जाऊन मातीत बोट घाली. मंगळवारी दोन पेरांवर ओल लागली. बुधवारी अख्खं बोट गेलं तरी लागली नाही. दोन्ही हातांनी उकरावं लागलं. रान बारीक तडकू लागलं होतं आणि रविवारी पेरलेलं बीही कोरड्यात पडून होतं. पाण्याला आल्यावर तिला काशम्मा भेटली. तिचं रान तर अजून कोरंच होतं.

"अक्का, बैल मी सोडून आणू का?" काशम्मानं हळूच विचारलं.

"आन. पन औत हाकायचं कुनी?"

"आपुनच. पन बाईनं औत धरलं की पाऊस रुसतोय म्हंत्यात."

"रुसू दे. आला त्योबी वाऱ्यानं न्हेलाय."

गुरुवारी सकाळी दोघींनी बैल जुंपले. बातमी गावभर झाली. मग मात्र दोन्ही पुरुष पळत आले, कारण रान वाळण्यापेक्षा ही नामुष्की मोठी होती. एकमेकांकडं न बघता एकानं बैल धरले, दुसऱ्यानं तिफण. बायका तिफणीच्या चाड्यात बी सोडू लागल्या. फण ढेकळांवरून खडखडत गेले. बी उघडंच पडत होतं आणि चिमण्या मागोमाग ते वेचत होत्या. तिसऱ्या ओळीला बैल आपणच थांबले.

तेवढ्यात शाळेचे मास्तर बांधावरनं आले. त्यांनी पेपरात वाचलं होतं की तिकिटं पुरेशी खपली नाहीत, म्हणून सोडत आता शिमग्यानंतर.

हातातलं काम सोडून कुंडलिक मास्तरांकडं वळला. "म्हंजी बक्षीस गेलं न्हाय," तो म्हणाला.

"जाईल कसं? निकालच न्हाय तर," सिद्धाप्पा म्हणाला.

चार दिवसांत ते एकमेकांशी पहिल्यांदा बोलले. दोघांच्याही चेहऱ्यावर तरतरी आली. बैल जुवाखालीच ठेवून ते बांधावर टेकले. खिलार घ्यायचा तर सांगोल्याकडचा घ्यावा, असं सिद्धाप्पानं सुचवलं. कुंडलिक म्हणाला, दोघं मिळूनच जाऊ.

अंबुबाईनं चाड्यातलं उरलेलं बी ओंजळी-ओंजळीनं परत ओटीत घेतलं.

"ठिवून दिऊ, अक्का," काशम्मा म्हणाली. "पुढल्या साली पेराया हुईल."

"पुढल्या सालापतुर जगायचं कशावर?"

काशम्मानं मागं वळून बांधाकडं बघितलं. तिथं आता बैलांच्या रंगावरून चर्चा चालली होती. मग तिनंही आपल्या बियाण्याच्या पिशवीचं तोंड आवळलं, आणि दोघी ते बी दळायला घराकडं निघाल्या.